शल्यविद्येची धूळपाटी

पूर्वीं गांवठी शाळेंत नवीन आलेल्या मुलाच्या हातीं एकदम कागद व टांक देत नसत. आधीं धूळपाटी येई. पाटीवर बारीक धूळ पसरावी, तींत अक्षर काढावें, चुकलें तर हातानें सारखें करावें आणि पुन्हां काढावें. कागद महाग होता म्हणून ही रीत पडली हें खरें. परंतु तिच्यांत शिक्षणाचें एक मोठें तत्त्व होतें. शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच; तेव्हां त्या जेथें पुसतां येतील अशाच ठिकाणीं प्रथम होऊं द्याव्या. पैलवानाच्या मुलालाहि जोडीदाराच्या अंगाशीं भिडण्यापूर्वीं मल्लखांब देतात, त्याचें मर्म हेंच. लांकडी खांबाला दुखापत होत नाहीं.

मग शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टराची धूळपाटी कोणती? त्याचें पहिलें वेडेंवांकडें अक्षर कशावर उमटतें? फार काळपर्यंत या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर 'रोग्याच्या शरीरावर' असेंच द्यावें लागे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकानें या प्रश्नाला दुसरें उत्तर देऊं केलें आहे. तें उत्तर काय आहे, कितपत पुरें आहे आणि सामान्य कुटुंबाशीं त्याचा संबंध कसा पोंचतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील विद्वान् डॉक्टरांनींच सोडवावा, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या कुरुंदवाडसारख्या गांवीं एखाद्याच्या पोटांत असह्य कळ उठली व ऑपरेशनावांचून गत्यंतर नाहीं असें ठरलें, म्हणजे घरचीं माणसें रोग्याला मिरजेला किंवा कोल्हापूरला नेतात. मिरजेची ही ख्याति आजची नव्हे. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ सालीं तेथें मिशनचें रुग्णालय उभारलें आणि १८९७ सालीं वैद्यकीय शाळाहि काढली. पुढें १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. कोल्हापुरांतील छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयहि आतां सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलें आहे. अशा रुग्णालयांना एकाच वेळीं दोन कामें करावीं लागतात: आलेल्या रोग्याला बरें करणें आणि उद्यांचा डॉक्टर घडविणें. ज्याच्या गांठीं पैसा आहे तो आपल्या पसंतीचा नामांकित शस्त्रवैद्य निवडतो. ज्याच्याजवळ तो नाहीं तो सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर निजतो, आणि तेथें मुख्य डॉक्टरांबरोबर शिकाऊ डॉक्टरांचेहि हात असतात. ते हात देखरेखीखालीं चालतात हें खरें. तरीपण नवशिक्या हाताचा पहिला भार श्रीमंतापेक्षां गरिबाच्याच अंगावर अधिक पडतो, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. म्हणून शिकाऊ डॉक्टरानें सराव कशावर करावा हा प्रश्न जितका विद्येचा, तितकाच न्यायाचाहि आहे.

आपल्या देशांत हा प्रश्न फार पूर्वींच ओळखला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय सर्वस्वीं सरावालाच वाहिलेला आहे. त्या सरावाला तेथें 'योग्या' असें नांव दिलें आहे. शास्त्र कितीहि पढलेला असला तरी ज्यानें हा सराव केला नाहीं तो शिष्य कर्माला अयोग्यच, असा त्या अध्यायाचा अभिप्राय. छेद घेण्यास कोहळा, दुध्या, कलिंगड, कांकडी यांसारखीं फळें घ्यावीं. भेद करण्यास पाण्यानें व चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्या घ्याव्या. खरवडण्यास केंस असलेलें चामडें घ्यावें. शीर वेधण्यास मेलेल्या जनावराच्या शिरा व कमळाचे देंठ घ्यावे. टांके घालण्यास जाड व तलम वस्त्राचे कांठ आणि मऊ कातडें घ्यावें. आणि पट्टे बांधण्यास मातीचा वा कापडाचा माणसाएवढा पुतळा घ्यावा, अशी तेथें तपशीलवार योजना आहे. प्रत्येक कृतीला अशी वस्तु निवडली आहे कीं, जी त्या कृतीपुरती खऱ्या शरीराची जागा घेईल. आजच्या संगणकी यंत्रामागेंहि याहून निराळा विचार नाहीं.

प्रतिकृति घेऊन काम करण्याची चाल पुण्याच्या परिसरांतहि होती. १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत, कावसजी नांवाच्या गाडीवानाचें तुटलेलें नाक पुण्याकडील एका देशी कारागिरानें कपाळाची कातडी घेऊन पुन्हां कसें घडविलें, याची हकीकत छापून आली. कातडी कापण्यापूर्वीं त्या कारागिरानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून आकार जमविला, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेविला व त्याच्या कडेनें रेघ ओढली. म्हणजे चूक व्हावयाची तर ती आधीं मेणांत व्हावी, कातडींत नव्हे, ही दक्षता त्यानें घेतली. आज हाडांची व अवयवांची छायाचित्रें थराथरांनीं घेऊन संगणक त्यांवरून जबड्याची किंवा हृदयाची हुबेहूब प्रतिकृति छापून देतो आणि शस्त्रवैद्य ती हातांत घेऊन कोठें व किती कापावें तें आधींच ठरवितो. मेणाच्या पत्र्याचें काम आतां ही प्रतिकृति करते.

अर्वाचीन काळांत मात्र शस्त्रक्रियेचें शिक्षण मुख्यतः उमेदवारीच्या मार्गानें चालत आलें. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड यांनीं निवासी डॉक्टरांची पद्धति घालून दिली. शिष्यानें गुरूजवळ राहावें, आधीं पाहावें, मग मदत करावी व क्रमाक्रमानें जबाबदारी घ्यावी, अशी ती रीत. हीच थोड्याफार फरकानें जगभर रूढ झाली. शरीररचना शिकण्यासाठीं प्रेताचें विच्छेदन असे. त्यासाठीं आपल्या प्रांतांत १९४९ सालीं मुंबई शरीरशास्त्र कायदा करून बेवारशी प्रेतें वैद्यकीय संस्थांना मिळण्याची तजवीज झाली. परंतु प्रेतावर शरीराचा नकाशा कळतो, जिवंत शरीराची चाल कळत नाहीं. औषधांत राखलेलें प्रेत ताठर असतें; तेथें नाडी उडत नाहीं, रक्त वाहत नाहीं, श्वासाबरोबर पोट वरखालीं होत नाहीं.

या जुन्या व्यवस्थेला खरा धक्का दिला तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें. पोट उघडण्याऐवजीं त्यावर तीन-चार बारीक छिद्रें पाडावयाचीं, आंत वायु भरून जागा करावयाची, एका छिद्रांतून कॅमेरा व इतरांतून लांब दांड्याचीं हत्यारें घालावयाचीं आणि पडद्यावरील चित्र पाहून काम करावयाचें, अशी ही पद्धति. जर्मनींत एरिख म्यूहे यांनीं १९८५ सालीं व फ्रान्समध्यें फिलिप मूरे यांनीं १९८७ सालीं या रीतीनें पित्ताशय काढलें. भारतांत ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉक्टर तेहेमतन उदवाडिया यांनीं केली. रोग्याच्या दृष्टीनें लाभ उघड होता: लहान जखम, कमी वेदना व लवकर घरीं परत. परंतु शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें ती जणूं नवी लिपीच होती.

कृष्णेच्या पात्रांत वल्हें मारणारा नावाडी ज्यानें लक्ष देऊन पाहिला असेल त्याला यांतील पहिली अडचण चटकन् उमजेल. वल्हें नावेच्या कांठावर टेकलेलें असतें. नावाड्याचा हात पुढें जातो तेव्हां पाण्यांतलें टोंक मागें येतें. पोटावरील छिद्र हा तसाच टेकू होय. हात उजवीकडे गेला कीं हत्याराचें टोंक डावीकडे जातें. दुसरी अडचण अशी कीं, सपाट पडद्यावर खोली दिसत नाहीं. जवळचें कोणतें व दूरचें कोणतें तें अनुभवानेंच ताडावें लागतें. तिसरी अडचण स्पर्शाची. बोट आंत जात नसल्यामुळें मऊ-कठीण हें हत्याराच्या दांड्यांतून जेवढें कळेल तेवढेंच. या तिन्ही अडचणींमुळें वीस-वीस वर्षें पोटाच्या शस्त्रक्रिया केलेले नामांकित डॉक्टरहि पुन्हां बिगरींत येऊन बसले. नव्या पद्धतीच्या आरंभीच्या वर्षांत यकृतापासून आंतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीला इजा होण्याचें प्रमाण अनेक देशांत वाढलें. ती नळी कापली गेली तर रोग्याला जन्मभर भोगावें लागतें. नव्या अक्षराचा कित्ता जिवंत शरीरावर गिरविण्याची किंमत तेव्हां सर्वांना स्पष्ट दिसली.

या अडचणींतून वाट दाखविली ती वैमानिकांच्या शिक्षणानें. अमेरिकेंतील एडविन लिंक याच्या वडिलांचा वाद्यें बनविण्याचा कारखाना होता. पायपेटीला जसे भाते असतात तसे भाते वापरून त्यानें १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारें, कलणारें एक खोटें विमान तयार केलें. प्रथम लोकांनीं त्याला जत्रेंतील खेळणें समजून दुर्लक्षिलें. पुढें १९३४ सालीं टपाल नेतांना सैन्याचे कित्येक वैमानिक अपघातांत दगावले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें तीं यंत्रें विकत घेतलीं. जमिनीवर बसून वादळांतून विमान नेण्याचा सराव करावा व चुकल्यास हंसत उठून पुन्हां बसावें, ही गोष्ट आतां वैमानिकाच्या शिक्षणांत आवश्यक मानली जाते. शस्त्रवैद्यासाठीं असलेल्या सरावयंत्राला 'सिम्युलेटर' हेंच नांव मिळालें आहे, तें या विमानविद्येवरून.

या यंत्राची रचना थोडक्यांत अशी. विद्यार्थ्यासमोर पडदा असतो व हातांत खऱ्या हत्यारांसारख्या मुठी असतात. मुठीची प्रत्येक हालचाल संगणक क्षणाक्षणाला मोजतो आणि त्याबरहुकूम पडद्यावरील हत्यार हलवितो. पडद्यावर पित्ताशय, यकृत, रक्तवाहिन्या हें सर्व गणितानें उभें केलेलें असतें. ओढलें तर ताणतें, कापलें तर सुटतें, चुकीच्या जागीं कापलें तर रक्त वाहूं लागतें. कांहीं यंत्रांत मुठींना बारीक मोटारी जोडलेल्या असतात. त्यामुळें कठीण भागाला हत्यार लागलें म्हणजे हाताला तसा विरोध जाणवतो. अभ्यास संपतांच यंत्र हिशेब पुढें ठेवतें: वेळ किती लागला, हत्याराचें टोंक एकूण किती अंतर फिरलें, निरर्थक हालचाली किती झाल्या, नको त्या जागीं धक्का किती वेळां बसला. सराईत हात थोडक्या अंतरांत काम उरकतो आणि नवशिका हात भटकतो. गुरूला जें पूर्वीं नुसत्या नजरेनें जाणवे, तें आतां आंकड्यांत दिसूं लागलें.

परंतु पडद्यावर आलेली हातोटी खऱ्या शस्त्रक्रियेंत उतरते काय? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण खोट्या घोड्यावर बसणारा प्रत्येक जण खऱ्या घोड्यावर टिकतोच असें नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत याची कसोटी घेण्यांत आली व २००२ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सोळा निवासी डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाला नेहमींच्या शिक्षणाखेरीज यंत्रावर सराव दिला, आणि तोहि ठराविक तास नव्हे, तर अनुभवी शस्त्रवैद्यांची पातळी गांठीपर्यंत. नंतर सर्वांनीं खऱ्या रोग्यांवर पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली व कोण कोणत्या गटांतला हें ठाऊक नसलेल्या परीक्षकांनीं तिचें चित्रमुद्रण तपासलें. यंत्रावर शिकलेल्यांनीं पित्ताशय सोडविण्याचें काम शेंकडा २९ इतक्या अधिक वेगानें केलें. दुसऱ्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पांचपट आढळला.

मोतीबिंदूच्या बाबतींत इंग्लंडमधील अनुभव याहूनहि व्यापक आहे. डोळ्यांतील भिंगाच्या मागचा पडदा केंसापेक्षांहि पातळ असतो; शस्त्रक्रियेंत तो फाटला तर दृष्टीला धोका पोंचतो. तेथील पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या २६५ शिकाऊ नेत्रवैद्यांनीं केलेल्या १७,८३१ शस्त्रक्रियांची नोंद तपासण्यांत आली. ज्यांना सरावयंत्र उपलब्ध झालें त्यांच्या हातून हा पडदा फाटण्याचें प्रमाण २००९ सालीं शेंकडा ४.२ होतें, तें २०१५ पर्यंत शेंकडा २.६ वर आलें. आंकडा लहान दिसतो. परंतु दर हजार डोळ्यांमागें सोळा डोळे त्या इजेपासून वांचले, असा त्याचा अर्थ आहे. ज्या घरीं आजोबांचा एकच डोळा चांगला उरला असेल, त्या घराला या सोळांची किंमत सांगावयास नको.

अशीं मोठीं यंत्रें फार महाग असतात व लहान संस्थेला तीं परवडत नाहींत. परंतु धूळपाटी सोन्याची असावी लागत नाहीं. एक साधी पेटी घ्यावी, तिच्या झांकणाला दोन छिद्रें पाडावीं, आंत मोबाइलचा कॅमेरा वा तत्सम लहान कॅमेरा बसवून चित्र पडद्यावर आणावें, आणि छिद्रांतून खरीं हत्यारें घालून काम करावें, एवढ्यानेंहि सरावाचा मोठा भाग साधतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत परीक्षेंत अशाच पेटींतील पांच कामें असतात. सहा लहान वस्तु एका हत्यारानें उचलून दुसऱ्याला देत खुंट्यांवर बसविणें, जाळीच्या कापडावरील वर्तुळ रेघ न सोडतां कापणें, फांस अडकविणें आणि दोन तऱ्हांनीं टांका घालून गांठ मारणें, अशीं तीं कामें होत. वसतिगृहाच्या खोलींत रात्रीं अर्धा तास बसूनहि तीं गिरवितां येतात.

आतां या विद्येच्या मर्यादाहि पाहिल्या पाहिजेत. यंत्र हाताला वळण लावील, पण विवेक शिकविणार नाहीं. कसें कापावें हें तें सांगेल. कापावें कीं नाहीं, दुर्बिणीचा हट्ट सोडून पोट केव्हां उघडावें, वरिष्ठांस केव्हां हांक मारावी, हें रोग्याच्या खाटेजवळ उभें राहूनच कळतें. भूल देणाऱ्या डॉक्टराचा बदललेला स्वर, मध्यरात्रींचा थकवा, दाराबाहेर बसलेल्या आईचा चेहरा, यांपैकीं कांहींच पडद्यावर नसतें. शिवाय गुण मोजणारें यंत्र गुणांचा लोभहि उत्पन्न करतें. सेकंद वांचविण्याच्या नादांत धसमुसळेपणा अंगीं बाणला तर तें शिक्षण उलटेंच म्हणावें लागेल. चुकीचा कित्ता शंभर वेळां गिरविला तर अक्षर सुधारत नाहीं, चूक पक्की होते. म्हणून धूळपाटीसमोर जसा मुलाचें बोट धरणारा पंतोजी असे, तसा यंत्राजवळ जाणता गुरु असलाच पाहिजे. आज संगणकामुळें एवढें मात्र झालें आहे कीं, हा गुरु त्याच खोलींत असण्याची आवश्यकता उरली नाहीं. शस्त्रक्रियेचें चित्रमुद्रण, रोग्याची अनुमति घेऊन व त्याचें नांव झांकून, दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवितां येतें व कोठें हात चुकला तें तो दाखवूं शकतो.

सरकारी नियमांतहि या विचाराला आतां स्थान मिळालें आहे. २०१९ पासून एम. बी. बी. एस. चा नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत केवळ माहितीवर नव्हे तर प्रत्यक्ष येणाऱ्या कौशल्यावर भर आहे, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा असणें बंधनकारक ठरलें आहे. पुढच्याच वर्षीं करोनाच्या सांथीमुळें नेहमींच्या शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या व शिकाऊ डॉक्टरांचे हात महिनोन् महिने रिकामे राहिले. तेव्हां रोग्यावांचून सराव करण्याच्या साधनांची निकड सर्वांना पटली. परंतु प्रयोगशाळा असणें निराळें व ती वापरांत असणें निराळें. तपासणीच्या दिवशीं पुसून ठेवलेलें आणि एरवीं कुलपांत राहिलेलें यंत्र कोणाचाहि हात सुधारीत नाहीं. खरी कसोटी यंत्राच्या किंमतीची नसून, पहिला टांका माणसाला घालण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें ठरलेली पातळी गांठली कीं नाहीं याची नोंद गुरूनें पाहिली काय, ही आहे.

आणि येथेंच सामान्य कुटुंबाचें काम सुरू होतें. शिकाऊ डॉक्टर नकोच, असें प्रत्येकानें म्हटलें तर आणखी वीस वर्षांनीं शस्त्रवैद्यच उरणार नाहीं. म्हणून तसा हट्ट योग्य नव्हे. परंतु कुरुंदवाडचा माणूस मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयांत संमतिपत्रावर सही करावयास बसतो, तेव्हां शस्त्र कोण धरणार, त्याच्याजवळ वरिष्ठ कोण उभे राहणार आणि हें काम त्यानें आधीं कशावर व किती केलें आहे, इतकें नम्रपणें विचारण्याचा त्याला पुरा अधिकार आहे. उत्तर देतांना चांगल्या डॉक्टराला राग येणार नाहीं. उलट, ज्या रुग्णालयांत हा प्रश्न दहा जण विचारूं लागतील, तेथील प्रयोगशाळेचें कुलूप आपोआप निघेल.